गावातल्या आरोग्यसेविकेला नुसतं मानधन किती दिवस?

शिवारातली

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. आरोग्याचं काम करणाऱ्या ज्या धर्मादाय संस्था गावातल्या बायांच्या जिवावर चालतात, त्यांनी त्या बायांना नियमित आणि पोट भरेल असा पगार द्यावा. डॉक्टरांना पगार आहे, समन्वयकाला आहे, ऑफिसातल्या मुलाला आहे. ज्या बाईच्या घरभेटींवर संस्थेचा अख्खा अहवाल उभा राहतो, तिला मात्र ‘मानधन’.

आमच्या भागातल्या एका संस्थेच्या मेळाव्यात जुन्या सेविकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. संस्थेचं नाव देत नाही, कारण काम चांगलं आहे आणि प्रश्न तिच्या एकटीचा नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या सेविकेला विचारलं, हातात किती पडतात? दीड हजार, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. मेळाव्याला यायचं म्हणून त्या दिवशीची खुरपणीची रोजंदारी बुडाली, ती वेगळीच.

ही बाई काय करते ते जरा जवळून बघा. बाळंतिणीच्या घरी गेली की आधी कोपरापर्यंत हात धुते. बाळाच्या काखेत थर्मामीटर लावते, झोळीच्या काट्यावर वजन घेते. मग बाळ शांत असताना पोटाच्या हालचालीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि पुन्हा तेवढेच आले तर घरच्यांना दवाखान्यात जायला तयार करते. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण सासू म्हणत असते की बाळ तर चांगलं दिसतंय.

हे काम किती मोलाचं आहे ते गडचिरोलीने दाखवून दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेणं सुरू केलं, ते गावातल्याच बायांना शिकवून. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हेच काम देशभरातल्या आशांकडे दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, आणि त्या सगळ्यांचा मोबदला ठरला २५० रुपये. म्हणजे भेटीमागे साधारण ४२ रुपये. संस्थांनी हाच सरकारी दर प्रमाण मानून चालू नये, एवढंच मला म्हणायचंय.

जुना कार्यकर्ता

ताई, तळमळ पोचली, पण सहमत नाही. मी ऐंशीच्या दशकात अशाच एका प्रकल्पात होतो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

जामखेडचं उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं. त्यांनी आधी गावांत पगारी नर्स ठेवून पाहिल्या. त्या बाहेरच्या होत्या, गावात रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपलं मानलं नाही. मग गावातल्याच बाईला शिकवायचा विचार पुढे आला. ज्या बाया निवडल्या गेल्या त्यांतल्या कित्येक निरक्षर, दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. तिथं वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या आणि शिकून परत गावाला जायच्या. त्यांना पगारी नोकर करायचं नाही, हे ठरवून केलेलं होतं. सेविका गावाला बांधील राहिली पाहिजे, संस्थेला नव्हे. पोटापाण्यासाठी छोट्या धंद्याला कर्ज मिळवून देणं, हा रस्ता त्यांनी धरला. या कामाची दखल जगाने घेतली, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला.

आता याच्या शेजारी सरकारी योजना ठेवून बघा. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्राने गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना आणली. महिना ५० रुपये मानधन. गावाने निवडायचं असं कागदावर होतं, पण पुढाऱ्याच्या मर्जीतली माणसं आणि बहुतेक पुरुषच भरले गेले. थोड्याच दिवसांत ते स्वतःला सरकारी कर्मचारी समजू लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि योजना हळूहळू विरून गेली.

पैसा ज्याच्याकडून येतो, माणूस त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो. गावाकडे पाठ करून आरोग्याचं काम होत नाही. तुमच्या सेविकेचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण पगार सुरू झाला की पुढारी आपली सून तिथं बसवील, आणि जिची खरी गरज आहे ती बाई बाहेर राहील. हे मी दोन तालुक्यांत बघितलंय.

सेविकेची लेक

माझी आई सेविका होती. गावाने तिला खूप मान दिला. लग्नात आहेर आधी तिला, पाटलाच्या वाड्यात तिला खुर्ची. आमच्या समाजाच्या बाईला त्या गावात खुर्ची मिळणं काय होतं, ते मला माहीत आहे. कार्यकर्ते काका म्हणतात ते खोटं नाही.

पण रात्री दोनला कुणी कडी वाजवली की उठायची आई, आणि सकाळी रोजावर जायची तीच. ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी आमच्या घरची भाजी जायची. दादाची दहावीनंतरची शाळा सुटली ती त्याच वर्षांत. संस्थेच्या साहेबांची मुलं मात्र शहरात शिकत होती, त्यात वाईट काही नाही, शिकावंच. माझा प्रश्न एवढाच आहे की गावाशी बांधिलकी फक्त आईनेच पोटाला चिमटा काढून का सिद्ध करायची? डॉक्टरसाहेब पगार घेऊनही गावाचेच राहिले होते ना?

जुना कार्यकर्ता

बाळा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण डॉक्टर बदलून गेले तरी गावाचं काम तुझ्या आईमुळे चालू राहिलं असेल. ती गावातली होती आणि गावाची राहिली, म्हणून. ते जपायला मी धडपडतोय.

डॉ. तालुका

दोन्ही बाजू पगार द्यायचा की नाही एवढ्यावरच अडल्यात. *कशासाठी* पैसे देता, यानेही काम बदलतं. प्रत्येक केसमागे पैसे ठेवले की ज्या केसला पैसे आहेत तीच दिसते. बाळंतपण, लसीकरण, नसबंदी यांच्या नोंदी चोख असतात. पण लकवा मारलेल्या म्हाताऱ्याकडे, दारूच्या व्यसनातल्या माणसाकडे किंवा बोलायची बंद झालेल्या सुनेकडे जायला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. आशा या कामाला जातातही, पण फुकट. म्हणून मोबदला ठरावीक असावा, निदान त्याचा मोठा भाग तरी.

आणखी एक. सेविकेचं गावातलं वजन पगारावर नसतं, तिच्या पिशवीवर असतं. ओआरएसची पाकिटं संपलेली, थर्मामीटरचा सेल गेलेला आणि पाठवलेल्या पेशंटला दवाखान्यात तासभर कुणी विचारलं नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा लोक तिचं ऐकत नाहीत. पगार वाढवून पिशवी रिकामी ठेवलीत तर तिची नामुष्की तेवढी वाढेल. पैसे थोडे असतील तर मी आधी औषधं आणि महिन्याचं प्रशिक्षण यांवर घालीन. हे अनेकांना पटणार नाही, पण खेड्यातल्या कामातून माझं हेच मत झालंय.

शिवारातली

@डॉ. तालुका : ठरावीक मोबदल्याचं पूर्ण पटलं. पिशवीचंही. पण ‘आधी औषधं, मग पगार’ हे नाही पटत. औषधं कमी पडली तर संस्था गोळ्यांच्या दुकानदाराला सेवाभावाने द्या असं म्हणत नाही, बिल भरते. तीच सवलत सेविकेकडून मात्र न विचारता घेतली जाते.

दरसालचा देणगीदार

मी दर वर्षी दोन आरोग्यसंस्थांना माझ्या ऐपतीप्रमाणे देतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पैसे देताना मी बघतो की पगारावर किती जातात. माझा रुपया पेशंटपर्यंत पोचावा अशी माझी इच्छा असते, आणि माझ्यासारखे बरेच आहेत. पगाराचा आकडा फुगलेला दिसला की लोक हात आखडता घेतात. शिवाय कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठी त्या देतात त्या पैशांत, पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही असं ऐकलंय. मग संस्थांनी पगार द्यायचे कुठून?

हिशेबनीस

मी अशा संस्थांची खाती बघतो, म्हणून हे नीट सांगणं माझं काम आहे. हा गैरसमज मी विश्वस्तांच्या तोंडूनही ऐकतो.

सीएसआरची पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती *कंपनीच्या* स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाची. एखादा ठरावीक प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यात मोडत नाही. गावात फिरणाऱ्या सेविकेचा पगार हा प्रकल्प राबवण्याचा खर्च आहे. करारात तसं लिहून घ्यायचं असतं, ते बरेच जण घेत नाहीत.

परदेशी देणगीचा कायदा वेगळा. २०२० च्या दुरुस्तीने तिथली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पण संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च त्यातून वगळला आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पगार, शाळेतल्या शिक्षकांचे पगार हीच उदाहरणं नियमांत दिली आहेत. २० टक्क्यांत अडकतात ते हिशेब ठेवणारे, अहवाल लिहिणारे, ऑफिसचं भाडं, वीज, गाड्या चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च.

म्हणजे कायद्याने सेविकेचा हात धरलेला नाही. अडचण देणगीदाराच्या मनात आहे. ‘दरसालचा देणगीदार’ यांना विनंती, की आरोग्याच्या कामात पेशंटपर्यंत जे पोचतं ते बहुतांशी माणसाच्या रूपानेच पोचतं. गोळी स्वतः चालत वस्तीवर जात नाही. तुम्ही पगाराचा आकडा जरूर बघा, पण त्यातला गावात फिरणाऱ्यांचा वाटा किती, हे वेगळं विचारा. मी बघितलेल्या ताळेबंदांत हे दोन आकडे वेगळे दाखवणाऱ्या संस्था फार थोड्या.

जाता जाता ड्रायव्हरचंही बोलतो, त्याची बाजू या धाग्यावर कुणीच मांडली नाही. रात्री अडलेली बाळंतीण जिल्ह्याच्या गावाला नेणारा तो, आणि त्याच्या गाडीचं डिझेल प्रशासकीय खर्चात.

दरसालचा देणगीदार

माहितीबद्दल आभार. सीएसआरचं मी चुकीचं धरून बसलो होतो. पण पगार मोठे झाले की संस्थेचा जोर पगार टिकवण्यावर जातो, ही माझी भीती कायम आहे. निधी आटला की आधी त्या बायांनाच काढतात. मग मोठ्या पगाराची उमेद दाखवून ती मोडण्यापेक्षा आधीच कमी का देऊ नये, याचाही विचार व्हावा.

कायद्याचं बोला

एक बाजू राहून गेली. ‘मानधन’ म्हटलं की जबाबदारी संपते, हे दिवस हळूहळू जात आहेत. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी अशा योजनांतल्या बायांना कामगार मानून किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली. सरकारांनी ती पुरती पाळलेली नाही. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला. त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याखाली वेतनच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल धर्मादाय संस्थांच्या सेविकांना जसाच्या तसा लागू नाही, अंगणवाडीचा कायदेशीर पाया वेगळा आहे. पण वारा कुठून कुठे वाहतोय ते कळतं.

त्याच २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला आपल्या राज्यातल्या आशा वाढीव मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसून होत्या.

जुना कार्यकर्ता

आझाद मैदानाचं बरं आठवलंत. त्या बाया लढल्या, मिळवलं, मला आनंद आहे. पण त्या लढल्या सरकारशी. सरकार कुठे पळून जात नाही. संस्थेचं तसं नसतं, तिचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो. चौथ्या वर्षी पगार बंद झाला तर ती बाई गावात फिरेल का? जामखेडच्या बाया फिरत राहिल्या, कारण त्यांचं फिरणं पगारावर टांगलेलं नव्हतं. माझा अजूनही कल तिकडेच आहे.

एक मान्य करतो. त्या काळात त्या बायांना जे मिळत होतं, म्हणजे अक्षरओळख, जातीच्या भिंतीबाहेर पाऊल, सरपंचासमोर बोलायची हिंमत, ते तेव्हा दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. आजची बारावी झालेली मुलगी तेवढ्यावर येणार नाही, आणि तिने का यावं.

सेविकेची लेक

काका, आई फिरत राहिली. प्रकल्प बंद झाल्यावरही. आता तिचे गुडघे गेलेत, तरी लोक बाळ दाखवायला घरी आणतात आणि ती बघते. तिला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, संस्थेच्या दवाखान्यात तपासणी फुकट होईल असं एक पत्रही नाही. पगाराचं तुमचं काही ठरो, म्हातारपणाचं तरी कुणीतरी बोला.

शिवारातली

मूळ लेखात मी म्हातारपणाचा विचारच केला नव्हता, तो आता मागणीत घातला आहे. पुढच्या आठवड्यात इथल्या संस्थेच्या दोन विश्वस्तांना भेटायचं ठरलंय. मांडणार आहे ते असं : गावभेटीचा मोबदला ठरावीक आणि महिन्याच्या सात तारखेच्या आत. ताळेबंदात गावातल्या माणसांचा पगार वेगळ्या ओळीत. निवड आणि काढून टाकणं दोन्ही वस्तीवरच्या बायांच्या बैठकीत, विश्वस्तांच्या सहीने नाही; कार्यकर्ते काकांची पुढाऱ्याच्या सुनेची भीती मला खरी वाटते म्हणून. आणि दहा वर्षांच्या वर काम केलेल्यांसाठी दवाखाना मोफत, शिवाय दर महिन्याला थोडी रक्कम त्यांच्या नावावर पोस्टात.

@हिशेबनीस : ही शेवटची रक्कम देणगीतून बाजूला काढून ठेवायची तर कुठल्या खात्यात, कशी दाखवायची? ठराव कसा लिहायचा तेही सांगाल का? विश्वस्त पहिला प्रश्न तोच विचारतील.

हिशेबनीस

सांगतो. आधी एवढं कळवा, की संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे की कंपनी कायद्याखाली, आणि सेविका एकूण किती. ठरावाचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.