मदत हवी आहे: बाबा गेल्यापासून काहीच धड होत नाही

मी २४ वर्षांचा. बाबांना जाऊन ११ महिने झाले. तसा मी आधीही मार्गी लागलो नव्हतो; दोन नोकऱ्या सोडल्या, एक कोर्स अर्धवट. आमचं शेवटचं बोलणं त्यावरूनच झालं आणि मी मध्येच फोन ठेवून दिला.

त्यांचा चष्मा माझ्याकडे आहे. स्क्रू सारखा ढिला व्हायचा म्हणून एका काडीला त्यांनीच दोरा गुंडाळलाय. काचेवर बोटाचा ठसा आहे, तो मी पुसत नाही. रोज हातात घेतो, पण रडू येत नाही. तेव्हाही आलं नाही. आईला वाटतं मी सावरलो.

दुपारपर्यंत झोपतो. अर्ज भरायला घेतला की वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी अडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या तीव्र शोकाला वेगळा विकार मानलंय, असं वाचलं. माझं तेच की नुसता आळस, कळत नाही. आधी समुपदेशकाकडे जाऊ की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे?

भांडण अर्धवट राहून ज्यांचे आई-वडील गेले, त्यांनी कृपया सांगा, ते राहिलेलं बोलणं तुम्ही कसं पूर्ण केलंत? आणि आईला हे कुठल्या शब्दांत सांगू?