मदत हवी आहे: इंदुरात क्राफ्ट ब्रुअरीसाठी जागा, विजयनगर की बायपास?

नमस्कार मंडळी. मी आणि मावसभाऊ मिळून छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा कारखाना, काढायचं म्हणतोय (आई शेजारी "हॉटेल" एवढंच सांगते!). जागेपाशी घोडं अडलंय.

विजयनगरला गिऱ्हाईक आहे, पण जागा तिसऱ्या मजल्यावर. हजार लिटरची टाकी भरली की वजन टनाच्या वर, आणि अशा चार. स्लॅब पेलेल का विचारलं, तर दलाल म्हणतो, "भिया, यहाँ जिम चलती थी!"

बायपासची शेड मला आवडली. उंच छत, ट्रक थेट दारात. पण नर्मदेची लाइन नाही, बोअरिंगवर भिस्त. ते पाणी घरी पातेल्यात उकळून पाहिलं, तळाला पांढरा थर. लिटरभर बिअरला चार-पाच लिटर पाणी सहज लागतं, त्यात आरओ बसवला की वाया जाणारं वेगळं. सांडपाणी सोडायचं कुठे?

बायपासकडे कुणाचा कारखाना आहे का? उन्हाळ्यात बोअरिंग टिकतं का? स्लॅब तपासणारा भरवशाचा इंजिनिअर कुणी सुचवेल का? आणि भाडेकरार आधी करावा की अबकारी खात्यात विचारून मग? घरमालक टोकन मागतोय, रविवारपर्यंत सांगायचंय.