मदत हवी आहे: आर्सेनलवाल्यांना काय उत्तर द्यावं?

नमस्कार मंडळी. मी खारघरचा, फुटबॉलमध्ये मँचेस्टर युनायटेडवाला. (आधी हसून घ्या.) रविवारी आम्ही टर्फवर खेळतो, त्यात आर्सेनलवाले जास्त. 2024-25 च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये युनायटेड 42 गुणांवर पंधरावा आला, तेव्हाच त्यांची दिवाळी झाली. वर बिल्बाओत युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 1-0 हरलो. मग ऑगस्ट 2025 मध्ये लीग कपात चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने पेनल्टीवर 12-11 ने घरी धाडलं. तेव्हापासून कोणाचाही पास चुकला की आरोळी येते, "काय रे अमोरिम!" (2024 ला आलेला आमचा तेव्हाचा प्रशिक्षक). पाण्याच्या बाटल्यासुद्धा त्याच्या 3-4-3 या मांडणीत ठेवतात. यावर मलाही हसू येतं, खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, आमचे जुने प्रशिक्षक फर्ग्युसन 1986 ला आले, पहिला करंडक 1990 ला मिळाला, धीर धरा. उत्तर आलं, "म्हणजे 2028 पर्यंत आमची करमणूक पक्की!" मग सांगितलं, तुमचा प्रशिक्षक अर्टेटा, त्याचा संघही लागोपाठ दोन हंगाम आठवा होता, तरी त्याला ठेवलंच ना? तर म्हणे, "आठवा रे, पंधरावा नाही." 2004 नंतर लीग कुठे जिंकलीत, हा टोमणा तर त्यांना तेव्हा लागलाच नाही.

तर जाणकारांनो, एखादं झणझणीत उत्तर सुचवा. शिव्या नकोत, ग्रुपमध्ये शाळकरी पोरं आहेत. आणि वाशी ते बेलापूर पट्ट्यात युनायटेडवाले एकत्र मॅच बघतात अशी जागा कोणाला माहीत आहे का? एकट्याने हरायचा कंटाळा आलाय.