बार्शी लाईट : तुमच्याकडे काय उरलंय?

परवा लातुरात रिक्षात बसलो आणि म्हणालो, "जुन्या स्टेशनाकडं घे." पोरगं विशीतलं. त्यानं बरोबर जागेवर सोडलं, पैसे घेतले आणि मग विचारलं, "काका, इथं स्टेशन कशाचं व्हतं? यष्टीचं का?"

म्हणून हा धागा.

माहिती थोडक्यात, म्हणजे पुढं कुणाला परत लिहायला नको. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाईट ही अडीच फुटी रुळांची, म्हणजे छोट्या लाइनीची, गाडी काढली. 1897 साली बार्शी रोड ते बार्शी असा पहिला तुकडा सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, 1911 ला आमच्या लातुरात आली, 1927 ला मिरजेला टेकली. 1954 ला कंपनी जाऊन सरकार आलं. पुढं ब्रॉडगेज झाली, 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी सगळं मोठं झालं आणि छोटीचे रूळ उचलले गेले.

आता तुम्ही लिहा. एकच विनंती: चालत्या गाडीतून उतरून 'जाऊन आलो' आणि परत तोच डबा धरला, हा किस्सा सोडून. तो प्रत्येकाच्या मामाच्या बाबतीत घडलेला आहे. त्यापेक्षा तुमच्या घरात, रानात, बोलण्यात या गाडीचं काय शिल्लक आहे ते सांगा.

येडशीकर

आमचं रान घाटाच्या तोंडाला. पांगरीकडून गाडी चढाला लागली की तिचा दम लांबून ऐकू यायचा. वडील म्हणायचे, "लागली चढाला, सोडा भाकरी." घड्याळ कुणाकडंच नव्हतं. आता ही गाडी कधी वेळेवर येणाऱ्यातली नव्हती, त्यामुळं ती दोन तास लेट असली की आम्ही दोन तास उपाशी. एकदा आई वैतागून म्हणाली, "इंजनाला भूक लागल्यावर जेवायचं व्हय आपण?" त्या दिवसापासून तिनं आपल्या मनानं भाकरी सोडायला सुरुवात केली. वडील मात्र शेवटपर्यंत कान देऊन बसायचे.

पावसाळ्यात खरी गंमत. घाटात झाडी दाट, पाचोळा रुळावर पडायचा, चाकाखाली चेंगरून त्याचा चिकट लेप व्हायचा. त्यावर श्रावणातली भुरभुर. चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि गाडी हटायची नाही. मग एकजण खाली उतरून रुळावर वाळू टाकायचा. आम्ही पोरं आधीच घमेलं भरून तयार. वाळू दिली की ड्रायव्हर एकदा शिट्टी वाजवू द्यायचा. एवढ्यासाठी आम्ही पाऊस पडू दे म्हणून रामलिंगाला साकडं घालायचो. श्रावणी सोमवारी तर निम्मी गाडी घाटातच रिकामी व्हायची, देवळाकडं जाणारी माणसं चढावरच उड्या मारायची. आणि माकडं! त्यांना गाडीचा टाइम आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडून वळवला, म्हणून पांगरी आणि येडशीच्या मधला घाट सुटला. जिल्ह्याचं गाव असून धाराशिवला गाडी नव्हती, तिथल्या लोकांना येडशीला येऊन गाडी धरावी लागायची. त्यांचं भलं झालं, तक्रार नाही. पण रूळ गेले आणि घाट एकदम मुका झाला. आता डोंगर कापून केलेली वाट तेवढी राहिली आहे, तिच्यातून गुरं जातात. मोऱ्या अजून भक्कम आहेत. नव्या रस्त्याच्या मोऱ्या दोन पावसाळ्यांत वाहून जातात, ह्या शंभर वर्षांच्या तशाच. खडी म्हणाल तर तिचा पत्ता मी सांगू शकतो : बरीचशी आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांच्या जोत्यात आहे.

मोगलाईतला

आजोबांच्या बोलण्यात शेवटपर्यंत दोन देश होते. बार्शी म्हणजे इंग्रजांच्या राज्यात आणि येडशीपासून पुढं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. गाडी एकच, डबा एकच, पण मधे सरहद्द. मोगलाईत करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई गाठोडी सोडून बघायचे. आजी बार्शीहून आणलेलं लुगडं अंगावर दुहेरी गुंडाळून बसायची, एकावर एक. उन्हाळ्यात! पैसे पण दोन : इकडं निजामाचा हाली सिक्का, तिकडं इंग्रजांचा कलदार. आजोबा दोन कनवटी ठेवायचे, डावीकडं हाली, उजवीकडं कलदार, आणि चुकून अदलाबदल झाली की सगळा दिवस हिशेब करत बसायचे.

रझाकारांच्या दिवसांत आमच्या वाड्यातल्या बायका-पोरं बार्शीला नेऊन ठेवली होती. सप्टेंबर 1948 नंतर परत आणली. त्या येण्याबद्दल आजोबा एकच गोष्ट सांगायचे, की येडशीत गाठोडं कुणीच सोडायला लावलं नाही आणि आजी मात्र सवयीनं दोन लुगडी नेसून बसली होती.

चावीवाल्याचा पोरगा, ढोकी

दादा रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते, नंतर चावीवाला झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रोज सकाळी हातोडा, पाना आणि लाल झेंडी घेऊन आपल्या वाट्याची लाइन पायी तपासायची, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या, सांध्याचे नट आवळायचे. उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणून सांध्यात फट लागते, त्या फटीकडं दादांचा जीव. जेवताना दोन भाकऱ्या शेजारी ठेवल्या तरी मधे बोटभर जागा सोडायचे, आम्ही हसायचो.

त्यांच्याकडं एका डब्यात फटाके असायचे. दिवाळीतले नव्हेत. पुढं धोका असला की रुळावर लावायचे, चाकाखाली फुटले की ड्रायव्हर गाडी थांबवतो. आम्ही भावंडांनी त्या डब्यासाठी काय काय केलं! पण दादा रोज मोजायचे. एकही कधी मिळाला नाही, आणि आज त्याचं बरंच वाटतं.

रूळ काढायला ठेकेदाराची माणसं आली तेव्हा दादा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. बघायला गेले. गॅसच्या कटरनं सांधे कापत होते. घरी येऊन दादा काही बोलले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाले, "पाना लावला असता तर हातानं सुटले असते. तेल दिलेलं होतं मी." गाडी बंद झाल्याचं त्यांना तेवढं लागलं नव्हतं जेवढं हे लागलं.

कंदील आहे अजून, लाल-हिरव्या काचेचा. लाइट गेली की लावतो. नातू हिरवाच लावा म्हणतो.

आडतीवरून

मी थोडं वाईट बोलणार आहे. आमची लातूरला आडत होती. तुमच्या या लाडक्या गाडीनं आमच्या वडिलांना पुरतं रडवलं.

लातुरातून तूर, हरभरा, करडई भरली की कुर्डुवाडीपर्यंत अडीच फुटी डबे. तिथं पुढची लाइन मोठी. म्हणजे प्रत्येक पोतं उतरवायचं आणि दुसऱ्या डब्यात चढवायचं. हमालाच्या आकड्यानं पोत्याला भोक पडणार, भोकातून दाणे सांडणार, पावसाळ्यात फलाटावर पोती भिजणार. इथं वजन एक, मुंबईत वजन दुसरं, आणि मधली घट कुणाच्या डोक्यावर? आमच्याच. ट्रक आले तसे वडिलांनी एका हंगामात रेल्वे सोडली. दारातून माल उचलायचा आणि दारात टाकायचा, मधे हात लागत नाही. लोक म्हणतात सरकारनं गाडी मारली. अहो, आपण सगळ्यांनी आधीच यष्टीत आणि ट्रकात बसून तिला सोडलं होतं. शेवटी शेवटी त्यात बसायचं कोण? ज्याला घाई नाही तो, आणि ज्याच्याकडं यष्टीचं भाडं नाही तो.

तरी एक कबूल करतो. बारीक माल, म्हणजे कोंबड्या, बोरांच्या पाट्या, हुरड्याची कणसं, दह्याची गाडगी, हे त्या गाडीत जसं जायचं तसं पुढं कशातच गेलं नाही. यष्टीचा कंडक्टर कोंबडी बघितली की दार लावून घेतो.

मुरूडची लेक

माझं माहेर मुरूड, सासर बार्शीच्या अलीकडं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी गेले ती याच गाडीत. डब्यात माणसं समोरासमोर बसली की गुडघ्याला गुडघे लागायचे, आणि माझ्या समोर सासरे! सगळी वाट पाय पोटाशी घेऊन बसले. ते बिचारे पण खिडकीबाहेर बघत राहिले, मान अवघडली त्यांची. पुढं कितीतरी वर्षांनी ते म्हणाले, "सूनबाई, त्या गाडीनं आपल्या दोघांचा लई छळ केला."

आषाढीला पंढरपूरला जाताना तर डब्यात आणि टपावर सारखीच माणसं. माय धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून द्यायची. कुर्डुवाडीपर्यंत ते वाटण्यातच संपायचे, कारण अनोळखी माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसलाय तर त्याच्यासमोर एकट्यानं खाणार कसं?

कसबे तडवळे

आमच्या स्टेशनाचं नाव कळंब रोड. कळंब इथून कितीतरी लांब. नवखा माणूस उतरायचा आणि विचारायचा, कळंब कुठाय? आम्ही हात वर करून दाखवायचो, तिकडं. गावाचं स्वतःचं नाव पाटीवर नाही याचा राग आमच्या आधीच्या पिढीला फार होता. 1941 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आमच्या गावात आले होते. एवढं मोठं माणूस ज्या गावाला आलं, त्या गावाचं नाव स्टेशनाला नको?

पूर्णेचा

आम्हाला विसरलात! आमची मीटरगेज तुमच्याहून मोठी, पण ती पण गेली. पूर्णा-अकोला 2008 पर्यंत छोट्या रुळावर चालली. पूर्णेचं लोकोशेड म्हणजे अर्धं गाव. घराघरात कोळशाची काजळी आणि पगाराची तारीख.

(पूर्णेकर, तुमच्यासाठी वेगळा धागा काढू. एवढ्यात मावायचं नाही. – धागाकर्ता)

लातूर, पाण्याच्या रांगेतून

2016 चा एप्रिल. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, पहिल्या खेपेला 10 टाक्या, 5 लाख लिटर. टीव्हीवर सगळा देश बघत होता. आमचे आजोबा पण बघत होते. ते म्हणाले, "मिरज ते लातूर. ही तर आपलीच वाट." मी म्हणालो, आता मोठी लाइन आहे, धाराशिववरून. ते म्हणाले, "हां, म्हणून पाणी आलं. आपल्या गाडीतून आणलं असतं तर घाटात इंजनच पिऊन बसलं असतं." आणि घागर घेऊन रांगेत निघाले.

हरंगुळ

आमच्या गोठ्याची आडवी तुळई म्हणजे छोट्या लाइनीचा रूळ आहे. भंगारवाल्याकडून वडिलांनी वजनावर घेतला. त्याच्या पोटावर काही अक्षरं आणि आकडे उठावदार आहेत, पण शेणाचे थर आणि चार वेळचा रंग, वाचता येत नाही. 1911 आहे की 1917 यावरून भावाशी पैज लागली आहे. कुणाला कळतं का यातलं?

चावीवाल्याचा पोरगा, ढोकी

कारखान्याचं नाव आणि वर्ष असतं ते. रंग खरवडू नका, अक्षर झिजेल. रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि वर पातळ कागद ठेवून कोळसा आडवा घासा, उमटेल.

हरंगुळ

बरं. म्हैस व्यालेली आहे, जवळ जाऊ देत नाही. उद्या रानात सोडल्यावर करतो.