अनुभव धागा : विमानात कुठली खिडकी घ्यायची?

सातारा-सांगलीकडून पुणे किंवा कोल्हापूर गाठायचं, जादा पैसे भरून खिडकी घ्यायची आणि बाहेर नुसता पंख दिसला की जीव हळहळतो. ज्यांना विमानं आणि मार्ग नीट ठाऊक आहेत त्यांनी रांग आणि बाजूसकट लिहा.

कराडहून
पुणे–गोवा विमान जवळपास सरळ दक्षिणेला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यावरून जातं. जाताना उजवी बाजू घ्या, 'एफ' सीट. उड्डाणानंतर दहा-पंधरा मिनिटांत महाबळेश्वर-पाचगणीचे सपाट माथे येतात. मग चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या, पांढऱ्या टाचण्या टोचल्यासारख्या, आणि त्यांच्या पलीकडे कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर. ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं तेव्हा पाण्याची बोटं एकेका घळीत शिरलेली दिसतात; हे एकदा तरी बघावंच. डावीकडच्या 'ए'वरून सातारा शहर, माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम आणि कराडचा प्रीतिसंगम. परतताना बाजू उलटी.
विमान सकाळचंच धरा. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट काचेवर येतं आणि डोंगर पुसट होतात. मार्ग थोडाफार सरकतो, म्हणून त्याच क्रमांकाच्या विमानाचा आदल्या दोन-तीन दिवसांचा माग फ्लाइटरडार२४ या विमानांचा मार्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर बघून मगच बाजू ठरवा.

मिरजेहून
रांगेचं सांगतो. एअरबस ए३२० मध्ये साधारण १० ते २० या रांगांखाली पंख असतो. त्याच्या लगेच मागे बसलात तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे खालचं दृश्य थरथरतं, फोटो तर हमखास बिघडतो. म्हणून पंखाच्या पुढची रांग घ्या, आठवीच्या आतली. ती महाग पडत असेल तर अगदी शेवटच्या रांगा.
दुसरी फसगत भिंतीची. खिडक्या साधारण ५३ सेंमी अंतरावर असतात आणि रांगा ७१ ते ७६ सेंमीवर, त्यामुळे दोन्ही प्रत्येक ठिकाणी जुळत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये तर पंखाच्या जरा पुढे भिंतीतून वातानुकूलनाचा नळ वर जातो, तिथे खिडकीच नसते. तिकीट काढताना सीटच्या नकाशावर मात्र ती जागा 'विंडो' म्हणूनच विकली जाते.

इस्लामपूरहून
आणीबाणीच्या दाराची रांग पायांना ऐसपैस, पण ती बरोबर पंखावर. दृश्यासाठी घेऊ नका.

विट्याहून
कोल्हापूरहून एटीआर ७२, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, मिळालं तर सोडू नका. त्याचा पंख छताच्या उंचीवर असतो, त्यामुळे खाली बघायला आडकाठी नाही. शिवाय ते जेटपेक्षा बरंच खालून उडतं. उसाचे फड, विहिरी, नदीची वळणं ओळखू येतात. पुढच्या भागात शेजारीच प्रोपेलर येतो, म्हणून मागच्या रांगा घ्या. चढायचं दारही मागेच असतं.

वाईहून
हिमालयासाठी : दिल्ली–बागडोगरा आणि दिल्ली–काठमांडू जाताना डावी बाजू, येताना उजवी. दिल्ली–लेह सकाळचं असेल तर जाताना डावी. ऊन पाठीशी राहतं आणि नून-कून ही सात हजार मीटरवरची जोडशिखरं त्याच बाजूला येतात. येताना उजवी.

साताऱ्याहून
फोटोसाठी : लेन्स काचेला टेकवू नका, कंप उतरतो, एक-दोन सेंमी अंतर ठेवा. गडद शाल डोक्यावरून काचेपर्यंत ओढली की आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब जातं. पोलरायझर (लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, खिडकीच्या प्लास्टिकवर त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात. मोबाइल ओरखड्यांवर फोकस धरतो, म्हणून क्षितिजावर बोट दाबून तो पक्का करा. खिडकीच्या मधल्या थरात खाली बारीक भोक असतं, दाब सारखा राहावा आणि धुकं धरू नये म्हणून. त्याभोवती हिमाची नक्षी जमते, तेव्हा कॅमेरा त्याच्या वर धरा.
आणि खाली ढग असतील तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला नजर ठेवा. विमानाची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडं उमटतं. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून दिसतं तेच इंद्रवज्र.