दुनळी बंदुकीच्या नळ्यांना घरी रंग चढवायचाय, मदत हवी आहे

आजोबांची बर्मिंगहॅमची बाराबोर दुनळी आहे, बाहेर घोडे असलेली. शेतीसंरक्षणाचा परवाना आता माझ्या नावावर आहे (आम्ही कुडाळजवळचे). लोकसभेच्या आचारसंहितेत जमा केली, परत आणायला मीच आळस केला, मधे पावसाळा गेला. नळ्या तांबड्या झाल्यात.

आधी बाटलीतलं कोल्ड ब्लू (न तापवता नळी काळी-निळी करणारं द्रावण) लावलं. दोन दिवस झकास, मग रुमाल काळा आणि नळी चट्टेरी. नंतर यूट्यूबवर बघून कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या उकळत्या द्रावणात बुडवणार होतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने थांबवलं. दुनळीची मधली पट्टी कथलाने झाळलेली असते, कॉस्टिक ते कथील खातं आणि पट्टी सुटते. (चाप-घोड्याचं काम त्याच्याकडेच देणार.)

म्हणजे आता गंज काढून पुन्हा गंजच चढवायचा! आम्लाचं द्रावण पुसायचं, गंज येऊ द्यायचा, पाण्यात उकळून तांबड्याचा काळा करायचा, स्टील वूलने हलकं घासायचं, असं सहा-सात वेळा. त्यासाठी लोक दमट पेटी बनवतात, आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरच दमट पेटी.

अडलंय भांड्यावर. नळ्या तीस इंची. जस्ती पन्हळीची टोकं बंद करून चुलीवर ठेवली तर जस्ताने रंग बिघडेल का? विहिरीचं पाणी चालेल की बॅटरीचं डिस्टिल्डच हवं?

आणि हो, घासताना नळीवर नागमोडी रेषा दिसल्या. गंजाचेच ओरखडे ना?

प्रतिसाद १
ओरखडे नव्हेत, दमास्कस नळी दिसते. लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली. काळा रंग देऊन नक्षी बुजवू नका. न उकळता नुसतं गंजवत-घासत गेलात तर नळी तपकिरी होते, नक्षी उठून दिसते. पन्हळीचा प्रश्नच मिटला. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावा.
पण आधी पुढचं लाकूड काढून नळ्यांखालचे शिक्के बघा. बर्मिंगहॅमला 1904 पासून धूररहित दारूच्या चाचणीचा शिक्का मुकुटाखाली ‘एनपी’ असा असे. तो नसेल तर धूररहित दारूचं आजचं काडतूस अजिबात घालू नका.

धागाकर्ता
बघितले. मुकुट, राजदंडांची फुली, तिच्यात बी, पी, सी. एनपी कुठेच नाही.
बंदूक जमा करण्याच्या आधीच्या वर्षी भात पिकताना डुकरं हाकायला याच नळ्यांतून दुकानातली नवी काडतुसं उडवली होती.