बाळंतपणाच्या रजेतच राजीनामा दिला, तर शिल्लक पीएलचे (कमावलेल्या भरपगारी रजेचे) पैसे बुडतात का?

धागाकर्ती, अक्कलकोट रोड

टॉवेल-चादरीच्या कारखान्यात सहा वर्षं जकार्डची (मागावरच विणायच्या नक्षीची) डिझाइनं केली. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला बाळंतपणाच्या रजेवर गेले, डिसेंबरात मुलगी झाली. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लेकीकडे बघायला घरात दुसरं कोणी नाही. म्हणून रजा संपायला तीन आठवडे असताना राजीनामा लिहून दिला, रजा संपेल त्या दिवसापासून लागू होईल असा.

माझ्या १९ पीएल शिल्लक आहेत. ७ आधीच्या वर्षाच्या, आणि २०२५ मध्ये ऑक्टोबरअखेर २४८ दिवस भरले त्याच्या १२. मालक म्हणाले, "सव्वीस आठवडे घरी बसून पगार घेतलास, आता वर रजेचे पैसे कसले मागतेस?"

मला हे पटत नाही. पीएल मी बाळंतपणात कमावलेली नाही, कामावर जाऊन कमावली आहे. आठव्या महिन्यातसुद्धा दोन जिने चढून डिझाइन रूममध्ये जात होते, त्यातले दिवस आहेत हे. उलट मी म्हणते, रजेच्या सहा महिन्यांचीही पीएल जमा धरायला हवी. ती रजा काही मौजेची नव्हती.

चिंचोळीचा कारखानदार

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही ऐका. माझ्याकडे पस्तीस माणसं आहेत. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) बाळंतपणाचे पैसे देते, मालकाला झळ नाही. त्याच्या वर गेलं की सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून. शिवाय त्या जागी बदली माणूस ठेवायचा, त्याचा पगार वेगळा. जकार्डची डिझाइन करणारं माणूस सोलापुरातसुद्धा बोलावलं की आलं असं मिळत नाही. हे सगळं आपण का सोसतो? बाई परत येणार या भरवशावर. शेवटी राजीनामा आला तर मालकाला फसल्यासारखं वाटणारच. १९ दिवसांची रक्कम मोठी नाही, पण देणंघेणं दोन्ही बाजूंनी असावं. मी असतो तर दिले नसते.

पगारपत्रकवाला

पंधरा वर्षं कारखान्यांचे पगार काढतोय, म्हणून दोघांनाही सांगतो.

दादा, शिल्लक पीएल हे देणं आहे, बक्षीस नाही. कारखाने कायदा १९४८, कलम ७९: कामगार स्वतः नोकरी सोडून गेला तरी शिल्लक रजेचा पगार द्यायचा, तोही दोन कामाच्या दिवसांत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता आल्या, त्यातही हे कायम आहे. उलट सोपं झालंय, आधी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८०. राजीनामा कुठल्या रजेत असताना दिला, हा प्रश्नच येत नाही.

पण ताई, तुमची दुसरी मागणी टिकणार नाही. बाळंतपणाची रजा ते दिवस भरले का हे मोजताना धरतात, म्हणजे तिच्यामुळे पात्रता जात नाही. पण त्या दिवसांवर नवी पीएल मिळत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. १९ वर ठाम राहा, पुढचे सोडा.

लेकुरवाळी, होटगी रोड

का सोडायचं? माझी बहीण इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे बाळंतपणाच्या ५२ आठवड्यांच्या रजेतही वार्षिक रजा साठत राहते, वर्षाला ५.६ आठवडे. तिने रजेतच नोकरी सोडली, तर साठलेल्या रजेचे पैसे शेवटच्या पगारात आले. तिथे तो वाद नाही. आपल्याकडे बाळंतपण म्हणजे बाईने घेतलेली सवलत, असंच अजून धरलं जातं.

आणि "परत येणार या भरवशावर" हे वाक्य मला फार लागलं. माझी आई विड्या वळायची. मी झाले तेव्हा बाराव्या दिवशी सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुणी भरवसा दिला होता का?

चिंचोळीचा कारखानदार

तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण विलायतेचं उदाहरण पूर्ण सांगा. तिथे मालकाने दिलेला बाळंतपणाचा कायदेशीर पगार जवळजवळ सगळा सरकार परत करतं, लहान धंद्याला तर दिलेल्यापेक्षा थोडे जास्तच. आम्हाला कोण देतं? हा बोजा सगळ्यांनी वाटून घ्या, मग मी पीएलबद्दल एक शब्द बोलणार नाही. नाहीतर पुढच्या वेळी नवं लग्न झालेल्या मुलीला घेताना मालक कचरतो, हे खरं आहे, आवडो न आवडो.

लेकुरवाळी, होटगी रोड

बोज्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. ईएसआयची मर्यादा वाढवा म्हणून तुम्ही मागणी करा, मी सही करीन. पण सरकारकडून येणं आहे म्हणून ते बाळंतिणीच्या हिशोबातून कापायचं, हे कुठलं? आणि नवं लग्न झालेल्या मुलीला घेणार नाही, ही धमकी झाली.

पगारपत्रकवाला

सव्वीस आठवड्यांचा पगार परत मागता येईल का, असं एकाने मला निरोपातून विचारलंय. नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होतं आणि आता त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे, की रजेच्या काळात दुसरीकडे नोकरी केली, तरच तेवढ्या दिवसांचा हक्क जातो. परत कामावर आलंच पाहिजे अशी अट नाही.

आता रक्कम. २४,००० पगार धरू. काही मालक ३० ने भागतात, १९ दिवसांचे १५,२०० होतात. जुन्या कायद्यात रजेचा पगार प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरीवर काढायचा असं होतं, म्हणजे साधारण २६ ने, ते १७,५३८ होतात. फरक तेवीसशेचा. सही करताना कशाने भागलंय ते बघा. नोटीस हा मात्र वेगळा विषय. नेमणूकपत्रात महिना लिहिला असेल तर तीन आठवड्यांवर मालक आठवडाभराचा हिशोब मागू शकतो.

धागाकर्ती, अक्कलकोट रोड

नेमणूकपत्र कधी दिलंच नाही, पगाराच्या पावत्या आणि रजेचं कार्ड आहे. रजेच्या महिन्यांची पीएल मागणार नाही, चूक कळली. कायदा तसा असावा असं मात्र अजूनही वाटतं.

चिंचोळीच्या दादांना एकच. मी परत येणार नाही हे मलाही नोव्हेंबरात माहीत नव्हतं. मार्चमध्ये ऑपरेशन ठरलं. जाताना पेंडिंग डिझाइनच्या सगळ्या फाइली नावानिशी लावून ठेवल्या होत्या, बदली मुलाला फोनवरून तीन वेळा समजावून सांगितलं, लेक मांडीवर असताना.

चिंचोळीचा कारखानदार

फाइली लावून गेलात हे आधी सांगितलं असतं तर मी इतकं बोललो नसतो. तरी माझं मत तेच, बोजा एकट्या मालकावर नको. १९ दिवसांचं मात्र मागे घेतो. मालकाला आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या. नाही दिले तर सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज. पण आधी पत्र, ताई. पुष्कळ मालक कागद बघितला की देऊन टाकतात.